होम थिएटर पीसी जुळवताना आधी टीव्हीची पाठ बघा

माझ्या पहिल्या होम थिएटर पीसीवर, म्हणजे टीव्हीला जोडून चित्रपट-गाणी लावायच्या कॉम्प्युटरवर, माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा सरकायचा. प्रोसेसर नवा, रॅम भरपूर, एसएसडी चांगली, टीव्ही ४के. तरी बाण आपला रखडत रखडत जायचा. दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढण्या-घालण्यात गेल्या, विंडोजसुद्धा एकदा नव्याने टाकून झालं. तिसऱ्या दिवशी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं आणि एका ओळीत उत्तर सापडलं: टीव्हीला जोडायचा पोर्ट एचडीएमआय १.४, म्हणजे ४केला जास्तीत जास्त ३० हर्ट्झ. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलत होतं. प्रोसेसरचा यात काडीचा दोष नव्हता. दोष माझ्या खरेदीच्या क्रमाचा होता. मी आधी प्रोसेसर निवडला, मग त्याला चालणारा पहिला दिसला तो बोर्ड उचलला, आणि तो टीव्हीला कुठून जोडायचा याचा विचार सगळ्यात शेवटी केला.

तेव्हापासून मी उलट्या दिशेने जातो. टीव्हीपासून सुरुवात, प्रोसेसर नंतर. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत.

खरंच हवा आहे का?

घरात फक्त ओटीटीच बघितलं जात असेल, तर पीसीच्या नादी लागू नका. टीव्हीला खोचायची स्ट्रीमिंग स्टिक तेच काम कमी विजेत, आवाज न करता आणि बऱ्याचदा पीसीपेक्षा चांगल्या दर्जात करते. ओटीटीवाले ४के चित्र वाट्टेल त्या यंत्राला देत नाहीत. पीसीवर ते हवं तर ब्राउझर किंवा ॲप, ग्राफिक्स, टीव्ही आणि मधली प्रत्येक जोडणी त्यांच्या नियमांत बसावी लागते, एचडीसीपी २.२ या कॉपी-संरक्षणासकट. लिनक्सवाल्यांनी तर ४केची आशा सोडलेलीच बरी.

पीसी लागतो तो स्वतःचा संग्रह असलेल्या माणसाला. हार्ड डिस्कभर चित्रपट, जुन्या हँडीकॅमच्या टेपांवरून उतरवलेल्या फायली, हजारो फोटो, दहा वर्षांत जमलेली गाणी, आणि हे सगळं सोफ्यावर बसून एका रिमोटने चालावं अशी इच्छा. तुम्ही त्यातले असाल तर पुढे वाचा.

खरेदीआधी हाताशी हे ठेवा:

- टीव्हीचं मॅन्युअल, आणि एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) किंवा साउंडबार असेल तर त्याचंही
- मोजायची टेप
- टॉर्च
- चुंबकीय टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- थर्मल पेस्ट (कूलरला लावूनच आली असेल तर वेगळी नको)
- ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह
- वायरवाला साधा कीबोर्ड. ब्लूटूथ कीबोर्ड बायोसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीच्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) बहुधा चालत नाही, आणि हे नेमकं बायोस उघडायची वेळ आल्यावर कळतं.

१. टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे जा

टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. चारपैकी एक-दोनच पूर्ण क्षमतेचे असतात आणि त्यांच्याशेजारी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. एका पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असतं, म्हणजे तिथून टीव्हीचा आवाज साउंडबार किंवा रिसीव्हरकडे जातो. ते कुठलं, हे कागदावर टिपून घ्या. आवाजाच्या पायरीत ते लागणार आहे.

आता आकड्यांचं बघू. एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, २.० मधून १८ आणि २.१ मधून ४८ पर्यंत. चित्रपट बहुतेक २४ फ्रेमचे असतात, त्यामुळे ४के, १० बिट (रंगांच्या जास्त छटा), एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पट्टा) असं सगळं घेतलं तरी २.० मध्ये आरामात मावतं. ४केला १२० हर्ट्झ हवेत ते गेम खेळणाऱ्यांना. तुम्ही त्यातले नसाल तर २.१ साठी जीव टाकायचं कारण नाही.

इथला सापळा म्हणजे खोक्यावरचा '२.१' हा आकडा. २.१ च्या प्रमाणपत्रात बहुतेक सुविधा ऐच्छिक आहेत. त्यामुळे प्रत्यक्षात २.० इतकंच करणाऱ्या यंत्रावरही २.१ छापलेलं सापडतं. आवृत्तीचा आकडा सोडून द्या आणि 'कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ' ही ओळ शोधा. टीव्ही, बोर्ड, रिसीव्हर, तिघांच्याही मॅन्युअलमध्ये. यांतला सगळ्यात कमकुवत जो, तितकंच चित्र तुम्हाला मिळणार.

अजून एक गोष्ट. बऱ्याच टीव्हींमध्ये त्या त्या पोर्टची वाढीव क्षमता मेनूत जाऊन चालू करावी लागते. प्रत्येक कंपनीने त्या पर्यायाला वेगळं नाव दिलंय. तो बंद राहिला की पीसी म्हणतो 'हा टीव्ही एचडीआरचा नाही', आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतात.

जाता जाता टीव्हीखालच्या कपाटाची उंची, रुंदी आणि खोली मोजून घ्या. खोलीतून केबलच्या वळणासाठी ५ सेंटिमीटर तरी वजा करा. एचडीएमआयची जाड केबल काटकोनात वळत नाही.

२. तुमच्या फायली कोणत्या कोडेकच्या आहेत ते बघा

कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. संग्रहातल्या दहा-बारा फायली उघडून त्यांची माहिती वाचा. जुन्या एचडी फायली बहुधा एच.२६४ असतात, त्या कुठलंही यंत्र चालवतं. ४के फायली बहुतेक एचईव्हीसी १० बिट असतात. यूट्यूबचं ४के व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये येतं.

हे बघायचं कारण असं. ग्राफिक्स चिपमध्ये त्या कोडेकसाठी वेगळा डिकोडर (दाबलेलं चित्र उलगडणारा भाग) असेल तर ४के चित्रपट चालताना प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. डिकोडर नसेल तर तेच काम प्रोसेसरच्या उरावर पडतं. मग तो तापतो, पंखा किंचाळतो आणि एवढं होऊनही फ्रेम गळतात. होम थिएटर पीसीत प्रोसेसरची ताकद फार कमी वेळा कमी पडते. कमी पडतो तो डिकोडर.

३. प्रोसेसर आणि ग्राफिक्स

इंटेलच्या ७व्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या डेस्कटॉप चिपांपासून, एचईव्हीसी १० बिट आणि व्हीपी९ १० बिट दोन्ही हार्डवेअरमध्ये डिकोड होतात. घरात त्या काळातला पीसी पडून असेल तर नवा घेण्याआधी तोच टीव्हीला लावून बघा. एव्ही१ हवा असेल तर इंटेलची ११वी पिढी किंवा पुढची. एएमडीकडे डेस्कटॉपवर रायझन ७००० पासून तो आहे. रायझन ५६००जी आणि ५७००जी या चिपा टीव्हीखालच्या पीसीसाठी फार लोकप्रिय झाल्या, आणि चांगल्याही आहेत, पण त्यांच्यात एव्ही१ नाही.

नावाच्या शेवटच्या अक्षरावर नजर ठेवा. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. आय५-१२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीत ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराच्या फरकाने बोर्डवरचा एचडीएमआय पोर्ट नुसता शोभेचा होतो, आणि दुकानदार विचारल्याशिवाय हे सांगत नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं का? माझं मत: बहुतेकांना नाही. कार्ड म्हणजे आणखी एक पंखा, आणखी उष्णता, आणखी जागा. प्रोजेक्टरवर एचडीआर नीट दिसावं म्हणून मॅडव्हीआर या सॉफ्टवेअरसारखं जड प्रोसेसिंग करणारे आणि गेम खेळणारे, एवढ्यांनीच त्याचा विचार करावा. जुन्या पीसीला कार्ड जोडून वापरणार असाल तर दोन नावांशी जपून. जीटी ७१० हे कार्ड पंख्याविना मिळतं म्हणून लोक आनंदाने घेतात, पण त्यात एचईव्हीसी डिकोडर नाही आणि एचडीएमआयसुद्धा १.४ च आहे. दुसरी गोष्ट रेडिऑन ६४०० आणि ६५०० एक्सटीची. त्या मालिकेतल्या मोठ्या भावंडांत एव्ही१ डिकोडर आहे, या दोघांतून तो वगळलेला आहे.

फक्त चित्रपट, गाणी, फोटो इतकंच असेल तर २०२३ साली आलेली इंटेलची एन१०० ही चार कोरांची चिप बघा. अधिकृत वीजखप ६ वॅट, एव्ही१ सकट सगळे डिकोडर आत. ती बोर्डवरच बसवलेली येते, काही बोर्डांवर तर पंखाही नसतो. डेस्कटॉपची मोठमोठी कामं तिच्याकडून होणार नाहीत, पण ४के एचईव्हीसी ती निवांत चालवते.

४. मदरबोर्ड

आता माझ्या चिखलाच्या गोष्टीकडे परत. इंटेलच्या ८व्या-९व्या पिढीच्या ग्राफिक्सला मुळात एचडीएमआय १.४ च येतं. २.० द्यायचं तर बोर्डवाल्याला वेगळी चिप बसवावी लागते. काहींनी बसवली, काहींनी नाही. त्यामुळे एकाच प्रोसेसरवर एका बोर्डातून ६० हर्ट्झ निघतात आणि दुसऱ्यातून ३०. नव्या पिढ्यांत हा त्रास कमी झालाय, पण मॅन्युअलमधली ती ओळ वाचायची सवय सोडू नका. पैसे देण्याआधी मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि त्यात 'हर्ट्झ' शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

असा बोर्ड आधीच गळ्यात पडलाय? त्यावर डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर त्यापासून एचडीएमआय २.० करणारा अडॅप्टर मिळतो. मात्र तो 'ॲक्टिव्ह' प्रकारचा हवा. मी शेवटी तेच केलं आणि तो बोर्ड पुढे चार वर्षं वापरला.

आकार कॅबिनेट ठरवतं. मिनी आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. कपाटात जागा असेल तर मी मायक्रो एटीएक्सच घेईन. मिनी आयटीएक्स दिसतं गोंडस, पण त्यात हात घालून केबल बसवताना बोटं सोलवटतात.

५. आवाज कुठल्या वाटेने जाणार?

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग 'चित्र झकास, संवाद ऐकूच येत नाहीत' अशी तक्रार करतात. त्या तक्रारीचं कारण बहुतेकदा एकच असतं. सेटिंगमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ठेवलेलं असतं आणि प्रत्यक्षात स्पीकर दोनच. संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवले जातात, आणि तो तर घरात नाहीच. दोन स्पीकर असतील तर २.० निवडा, सॉफ्टवेअर सगळे आवाज त्या दोघांत वाटून देतं.

रिसीव्हर असेल तर पीसी थेट रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला, हाच सगळ्यात सरळ रस्ता. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दर्जा न गमावणारे आवाजाचे प्रकार एचडीएमआयमधूनच जातात. ऑप्टिकल केबलमधून ते जात नाहीत. तिथून फार तर दोन चॅनेलचा शुद्ध आवाज किंवा दाबलेला ५.१ मिळतो. ऑप्टिकल पोर्टचा लाल दिवा दिसायला कितीही छान असो.

साउंडबार टीव्हीला जोडलेला असेल तर टीव्हीचा पोर्ट साधा एआरसी आहे की ईएआरसी ते बघा. साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटल प्लसपर्यंतचा आवाज जातो, ट्रूएचडीला ईएआरसी लागतं. आणि काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. तिथे पीसीनेच डिकोड केलेलं बरं.

जुना रिसीव्हर ४के पुढे पाठवू शकत नसेल, तर काही जण पीसीच्या दोन पोर्टांमधून एक केबल टीव्हीला आणि एक रिसीव्हरला लावतात. चालतं. फक्त विंडोजला रिसीव्हर म्हणजे दुसरा पडदा वाटतो आणि माउस मधूनच त्या अदृश्य पडद्यावर फिरायला निघून जातो.

६. शांतता: कॅबिनेट, कूलर, पंखे

टेबलाखालच्या पीसीची घरघर कानाला सवयीने ऐकू येईनाशी होते. टीव्हीखालच्या पीसीची होत नाही. चित्रपटातला सगळ्यात शांत प्रसंग आला की नेमकी तेव्हाच ऐकू येते.

पंखा मोठा घ्या आणि हळू फिरवा. १२० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ६००-७०० फेऱ्यांवर असेल तर सोफ्यावरून जवळपास जाणवत नाही. ४० मिलिमीटरचा इवलासा पंखा तेवढीच हवा ढकलायला जिवाच्या आकांताने फिरतो आणि त्याची शिट्टी पार आतल्या खोलीत जाते. सडपातळ कॅबिनेटांमध्ये हेच छोटे पंखे असतात, तेव्हा फोटो बघून भुलू नका.

कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीत दिलेली असते. त्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर कमीच उंचीचा घ्या. बुटक्या कॅबिनेटसाठी नॉक्टुआचा एनएच-एल९आय आहे, पंख्यासकट ३७ मिलिमीटर. इतका बुटका कूलर कमी खपाच्या प्रोसेसरलाच पुरतो.

बंद कपाट हा सगळ्यात मोठा शत्रू. माझा पीसी काचेच्या दाराआड ठेवला होता, पहिल्या अर्ध्या तासात आवाज शून्य. मध्यंतरापर्यंत पंखे पूर्ण वेगाने फिरत होते, कारण आतली गरम हवाच फिरून फिरून आत येत होती. मागची फळी कापून काढली आणि प्रश्न मिटला. बिनपंख्याच्या पीसीला तर मोकळी हवा आणखीच हवी.

बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे ठरवता येतो. एक संध्याकाळ त्यात घालवा. त्या संध्याकाळीने मला महागड्या पंख्यांपेक्षा जास्त शांतता दिली.

७. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा)

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ३०० वॅटसुद्धा उदंड. मोठ्या वॅटचा घेतल्याने काहीच साधत नाही, उलट अगदी कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. ८० प्लस प्रमाणित, नावाजलेल्या कंपनीचा, आणि कमी भारावर पंखा थांबवणारा मिळाला तर उत्तम. छोट्या कॅबिनेटला एसएफएक्स आकाराचा लागतो (१२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर), साध्या एटीएक्सचा बसणार नाही.

८. रॅम आणि साठवण

रॅम ८ जीबी पुरते. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, म्हणून बोर्डला दोन चॅनेल असतील तर एक मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन छोट्या घ्या.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी २५० जीबीची एसएसडी. चित्रपटांसाठी हार्ड डिस्क. एक ४के चित्रपट सरासरी ६० जीबी धरला तर ४ टीबीत पासष्टच्या आसपास बसतात. हार्ड डिस्क कॅबिनेटला घट्ट स्क्रूने आवळली की तिची थरथर अख्ख्या फर्निचरला लागते, मधे रबरी बूच घाला. जमत असेल तर डिस्क टीव्हीच्या खोलीतच नको. दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यात) ठेवा आणि नेटवर्कवरून बघा.

डिस्क ड्राइव्ह घालणार असाल तर एक सावधगिरी. ४के ब्लू-रे डिस्क पीसीवर अधिकृतपणे चालवायला इंटेलचं एसजीएक्स हे सुरक्षा तंत्र लागायचं, आणि ११व्या पिढीपासून इंटेलने ते डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढून टाकलं. नव्या पीसीत महागडा ड्राइव्ह बसवूनही डिस्क लागत नाही. थेट डिस्कवरूनच बघायचं असेल तर वेगळा ब्लू-रे प्लेअर घ्या.

९. नेटवर्क आणि रिमोट

नॅसवरून बघणार असाल तर वायरच ओढा. ४के डिस्कचा प्रवाह कठीण प्रसंगांत सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जातो, त्यामुळे गिगाबिट जोडणी हवी. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. भिंतीतल्या जुन्या केबलच्या चारच तारा जोडलेल्या असतील तर वेग गुपचूप १०० वर येतो आणि पाऊस किंवा धूर असलेल्या दृश्यातच चित्र अडकतं.

वायरलेस कीबोर्डचं नखाएवढं डोंगल निळ्या यूएसबी ३.० पोर्टात लावू नका, निदान शेजारी ३.० ची हार्ड डिस्क असताना तरी नको. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि बटणं दाबलेली पोचत नाहीत. २.० चा पोर्ट किंवा हातभर एक्स्टेन्शन केबल, एवढ्याने काम होतं.

टीव्हीच्या रिमोटने पीसी चालवायचा तर एचडीएमआय सीईसी लागतं. पीसीच्या ग्राफिक्समध्ये ते जवळपास नसतंच, त्यासाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर मिळतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे इन्फ्रारेड रिसीव्हर आणि घरातला एखादा रिकामा रिमोट. बंद पीसी रिमोटने चालू होत नसेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' बंद करा. ते चालू असलं की बंद पीसीच्या यूएसबीला वीजच मिळत नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर जुने लेख वाचून विंडोज मीडिया सेंटर शोधत बसू नका, विंडोज १० पासून ते नाही. कोडी हे मीडिया प्लेअर सॉफ्टवेअर घ्या. २००२ मध्ये एक्सबॉक्ससाठी सुरू झालेला हा खटाटोप २०१४ मध्ये कोडी झाला, आणि अजून फुकट आहे.

१०. जोडून झाल्यावर, पहिला चित्रपट लावण्याआधी

तीन सेटिंगं बघायची.

पहिलं, कडा. डेस्कटॉपच्या कडा टीव्हीबाहेर गेल्या असतील तर टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार मूळ मापाचा करा. पीसीकडून चित्र लहान करून जुळवू नका, सगळं धुरकट होतं.

दुसरं, काळा रंग. पीसी काळ्या-पांढऱ्याला ० ते २५५ आकडे वापरतो, व्हिडिओत ते १६ ते २३५ असतात. पीसी पूर्ण पट्टा पाठवतोय आणि टीव्हीला अर्धवट अपेक्षित असेल तर रात्रीच्या दृश्यात काळा कोट घातलेला माणूस नुसता कोळशाचा ढीग दिसतो. उलट झालं तर काळ्याचं राखाडी होतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आणि टीव्हीत दोन्हीकडे एकच ठेवा.

तिसरं, हर्ट्झ. ६० हर्ट्झवर २४ फ्रेमचा चित्रपट दाखवताना एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, अशी कसरत चालते आणि कॅमेरा संथ वळताना चित्र अडखळतं. कोडीत 'डिस्प्लेचा रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदला' हा पर्याय चालू करा. तरीही साधारण ४० सेकंदांनी एक बारीक ठेच लागत असेल तर टीव्ही २४ वर आहे आणि चित्रपट २३.९७६ चा. डिस्प्लेच्या यादीत २३.९७६ असं स्वतंत्र लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नुसतं २३. ते निवडा. मग दिवे घालवा, आवाज बंद करून चित्रपट पाच मिनिटं चालू द्या, आणि सोफ्यावरून पंखा ऐकू येतोय का ते बघा. येत असेल तर परत सहाव्या पायरीवर.